फी अर्धी माफ, तिकीट आपलं: युरोपातल्या समर स्कूलला जावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात समाजशास्त्रात पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या दोन आठवड्यांच्या समर स्कूलला तुझी निवड झाली, विषय मल्टिलेव्हल मॉडेल्स, म्हणजे गावात घरं, घरात माणसं असा एकात एक बसलेला डेटा हाताळायची संख्याशास्त्राची पद्धत. अर्धी फी माफ, उरलेली फी आणि तिकीट आपलं. गाईड म्हणतात, "त्यापेक्षा एक चॅप्टर लिहून काढ." बाबा म्हणतात, "जायचंच तर डिग्रीला जा, पंधरा दिवसांत काय डोंबलाचं शिकणार?" आणि तू मला विचारतेस, "मॅडम, जाऊ का?"

जा. पण एक अट आहे. विमानात बसशील तेव्हा तुझा स्वतःचा डेटा साफ होऊन लॅपटॉपमध्ये असला पाहिजे, आणि तुझ्या प्रबंधातला नेमका कोणता प्रश्न अडलाय ते तुला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर गाईडचं ऐक, चॅप्टर लिही आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर.

ही अट मी माझ्या मूर्खपणातून शिकले. १९९८ साली मीही अशाच एका कोर्सला हॉलंडला गेले होते. तेव्हा तिथं युरो नव्हता, गिल्डर चालायचे, आणि आम्ही बोलायला उभं राहायचं तर प्रोजेक्टरवर ठेवायच्या ट्रान्स्परन्सी घेऊन. गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यातल्या गावांमधल्या आजारपणांचा माझा डेटा डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर होता आणि मी तो तिथंच ठेवून गेले. वाटलं, आधी पद्धत शिकू, आपला डेटा काय, घरी आहेच. तिथं रोज दुपारी प्रॅक्टिकल असायचं आणि उदाहरण म्हणजे डच शाळांमधल्या मुलांचे गणिताचे मार्क. शाळेत वर्ग, वर्गात मुलं, सगळं कसं छान एकात एक बसणारं. दोन आठवडे मी डच पोरांचे मार्क सोडवत बसले आणि मला वाटलं, आलं की सगळं! घरी येऊन माझी फाइल उघडली तर एकाच घरातली माणसं दोन गावांत, तीन गावांची नावं दोन-दोन तऱ्हेनं लिहिलेली, निम्मे रकाने रिकामे, आणि तिथं वापरलेलं सॉफ्टवेअर इथं नाही. जे काम तिथल्या शिक्षकाशेजारी बसून एका दुपारी झालं असतं, त्यात माझे सहा महिने गेले.

सॉफ्टवेअरची अडचण आता उरलेली नाही, 'आर' नावाचं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तरी कोर्समध्ये नेमकं काय वापरणार ते आधी विचारून घे. विकतचं पॅकेज असेल तर दोन आठवड्यांचं लायसन्स देतात आणि परत आलीस की ते बंद.

आता तुझ्या कामाचं बोलू. तू लिहिलंयस की ४० गावं, प्रत्येक गावात २५ घरं, म्हणजे १००० घरांचा सर्व्हे. गाईडना वाटतं हजारांचं सॅम्पल भरपूर झालं. पण एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात: तीच विहीर, तीच शाळा, तोच सरपंच. समज, गावामुळे येणारं हे सारखेपण ०.१ आहे, म्हणजे उत्तरांमधल्या एकूण फरकापैकी दहावा हिस्सा गावागावांतल्या फरकाचा. मग सूत्रानं १ + (२५ − १) × ०.१ = ३.४. हजाराला ३.४ नं भाग, हाती उरतात सुमारे २९४. गावाच्या पातळीवरच्या गोष्टींबद्दल बोलताना तुझ्या हजार घरांची ताकद तेवढीच. साध्या रिग्रेशनला हे कळत नाही, ते हजार धरूनच चालतं, स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप, कमी दाखवतं, आणि जिथं काही नाही तिथंही आकड्यापुढं 'हा योगायोग नाही' अशा खुणेचे तारे लावून देतं. तुझ्या तिसऱ्या चॅप्टरमधले ते तारे मला म्हणूनच खटकले होते.

हे गाईडना असंच कागदावर मांडून दाखव. "मला युरोपला जायचंय" असं म्हणत गेलीस तर ती तुझी हौस ठरते. "सर, माझे स्टँडर्ड एरर चुकतायत, व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, कुणी विचारलं तर आपण दोघं अडकू," असं म्हणालीस तर ती त्यांचीही अडचण होते. आणि हो, गावं ४० आहेत म्हणून मी जा म्हणते. आठच असती तर मी तुला थांबवलं असतं. आठ गावांवरून गावागावांतला फरक नीट मोजता येत नाही, कोर्स कितीही चांगला असो.

बाबांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घालतायत. समर स्कूल ही डिग्रीची छोटी आवृत्ती नाही. पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठीची ही जुनी चाल आहे: एका विषयातली चार जाणती माणसं आणि तीस-चाळीस शिकणारी एका ठिकाणी कोंडायची आणि ठरावीक दिवसांत जेवढं घालता येईल तेवढं डोक्यात घालायचं. फ्रान्समध्ये मों ब्लांच्या पायथ्याशी लेझूश इथं सेसिल डविट-मोरेट या बाईंनी १९५१ साली भौतिकशास्त्राची अशी शाळा काढली. युद्धानंतर फ्रान्समध्ये नवं भौतिकशास्त्र जवळजवळ शिकवलंच जात नव्हतं, ती भोकं बुजवायला. ती आजही चालू आहे. नॉर्वेत ऑस्लोची १९४७ साली सुरू झाली, ती सहा आठवड्यांची. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टची १९८७ पासून, तिथं शेकडो विषय. तर्कशास्त्र आणि भाषाविज्ञानवाल्यांची १९८९ पासून दरवर्षी नव्या गावात भरते. इंग्लंडात एसेक्सची तुमच्या सामाजिक शास्त्रांच्या संख्याशास्त्रासाठी नावाजलेली आहे. भौतिकशास्त्र किंवा गणितवाल्या मैत्रिणी असतील तर त्यांना इटलीत त्रिएस्तचं आयसीटीपी हे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं केंद्र सांग. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठीच ते उभं केलं, तिथं नोंदणी फी नसते आणि काहींना प्रवासखर्चही मिळतो. तुमच्या शास्त्रात असं कुणी दानशूर नाही, त्याला इलाज नाही.

पण समर स्कूल या नावाखाली सहलीही विकल्या जातात. तुझं तसलं नाही, मी कार्यक्रम पाहिला. तरी ओळखायचं कसं ते सांगते, उद्या तुझी ज्युनियर विचारेल. रोजचं वेळापत्रक छापलेलं आहे का? कोण शिकवणार त्यांची नावं आहेत का, आणि ती माणसं खरंच त्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का? आधी वाचायची यादी दिलीय का? शेवटी काही करून दाखवावं लागतं का? विद्यापीठाच्या नावासारखं नाव, हॉटेलात वर्ग, निवड चोवीस तासांत आणि फी आजच्या आज, असं दिसलं की लांब राहायचं. माझ्या एका विद्यार्थ्याचे असे पैसे गेले आणि हाती आलं एक चकचकीत सर्टिफिकेट.

सर्टिफिकेटवरून आठवलं. नुसतं हजेरीचं आणू नकोस. असाइनमेंट देऊन ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांचं सामाईक क्रेडिट, लिहिलेलं गुणपत्रक माग. युरोपात एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास, आणि त्यात घरी केलेलं कामही धरतात. आपल्याकडचा क्रेडिट बहुतेक ठिकाणी वर्गातल्या तासांवर मोजतात, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. इथं ते धरणार का, किती धरणार, हे निघण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाच्या पीएचडी कमिटीकडून लेखी घे. आल्यावर "बघू" म्हणतात आणि ते बघणं मी रिटायर होईपर्यंत चालू होतं.

आता व्हिसा. खरी शेवटची तारीख शाळेची नसते, व्हिसाच्या स्लॉटची असते. तुझं स्कूल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आणि आत्ता फेब्रुवारी संपतोय. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस, पण कागद वाढवून मागितले तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. एप्रिल-मेमध्ये अर्धा गुजरात स्वित्झर्लंड बघायला निघतो, तेव्हा स्लॉट मिळता मिळत नाहीत. म्हणून मार्चमध्ये कागद तयार आणि एप्रिल उजाडायच्या आत अर्ज. त्या देशाचं केंद्र अहमदाबादला आहे की मुंबई गाठावी लागेल ते आजच पाहा. बोटांचे ठसे द्यायला स्वतःलाच जावं लागतं.

व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, आणि दोन पानं कोरी. शाळा संपल्यावर आठवडाभर फिरायचं असेल तर जरूर फिर, पण अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा आणि विमा शेवटच्या दिवसापर्यंतचा घ्यायचा. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. लंडनला मावशीकडे जायचं म्हणशील तर त्याचा व्हिसा निराळा.

खिडकीपलीकडच्या माणसाच्या मनात एकच शंका असते: ही मुलगी परत येईल का? त्याचं उत्तर कागदांनीच द्यायचं. पीएचडीचं रजिस्ट्रेशन, फेलोशिपचं पत्र, विभागाची एनओसी. एनओसीत "अमुक तारखेला पुन्हा हजर होईल" हे वाक्य घालूनच घे. बाबा खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचे रिटर्न आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचे नाहीत, ते लगेच डोळ्यात भरतं.

आणि नाव! आपलं तीन पदरी नाव तिकडच्या रकान्यांत बसत नाही. गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळं काढून उरलेली दोन एकत्र. मी फॉर्म मार्कशीट बघून भरला होता. परिणाम असा की गळ्यातल्या बिल्ल्यावर माझं नाव म्हणून वडिलांचं नाव छापून आलं आणि दोन आठवडे सगळे मला "दत्तात्रय" म्हणून हाक मारत होते. पहिल्या दिवशी मी भिडेखातर बोलले नाही, नंतर सांगायची लाज वाटली. तेव्हा ते हसण्यावारी गेलं. आज निमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर व्हिसाच अडकेल. तुझं पत्र उघडून एक-एक अक्षर ताडून बघ, आणि चूक असेल तर आत्ताच मेल टाक.

पैशाचं एक बारीक पण महत्त्वाचं. फी बँकेतून पाठवताना फॉर्मवर चार्जेस कुणाचे असा एक रकाना असतो. तिथं सगळे आपले, म्हणजे 'अवर' हा पर्याय निवड. माझ्या एका विद्यार्थिनीनं तो रकाना बँकेवर सोडला, मधल्या बँकांनी आपापला वाटा कापला आणि तिकडं फी पंधरा युरो कमी पोचली. त्या पंधरा युरोंसाठी तिचं नोंदणीपत्र नऊ दिवस अडकलं, आणि त्या पत्रावाचून व्हिसाचा अर्ज पुढं जाईना. पैसे कशासाठी पाठवतोय त्याचा कोड एस०३०५, शिक्षणासाठी प्रवास. वर्षाला दहा लाखांच्या आत टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापत नाहीत. काउंटरवरचा मुलगा नवा असेल तर त्याला शांतपणे सांग. आणि फीमाफी अर्धी मिळाली म्हणून गप्प बसू नकोस. "उरलेल्यासाठी काही सोय आहे का, वसतिगृहात जागा मिळेल का?" असं सरळ विचार. आपल्याला मागायला संकोच वाटतो, त्यांना नाही म्हणायला वाटत नाही, मग बिघडलं काय?

सामानात आई काय काय भरेल ते मला माहीत आहे. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंडाच्या गोळ्यांचाही मोह नको. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सवलत आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियनला, त्यामुळे आंब्याचं नाव काढू नकोस. भाकरवडी आणि लीलो चेवडो मात्र ने, आणि भरपूर ने. पहिल्या संध्याकाळी टेबलावर ठेवलास की ओळखी आपोआप होतात. कुकर न्यायचाच असेल तर बुडाला फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघ. चिकटलं तर ने, नाही तर नको. तिकडं बहुतेक ठिकाणी इंडक्शनच्या शेगड्या आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर ढिम्म तापत नाही. फोडणी दार लावून, पंखा चालू करून, मंद. माझ्या एका पठ्ठ्यानं मोहरी तडतडवली आणि धुराचा भोंगा वाजून अख्खं वसतिगृह रात्री नऊ वाजता अंगणात उभं. नऊ वाजता लख्ख उजेड होता म्हणून बरं. जुलैत तिथं सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. झोपेचं गणित बिघडतं, तेव्हा डोळ्यांवर बांधायला काहीतरी ने.

तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटांत स्वतःची ओळख करून द्यायला सांगतात. विद्यापीठाचा इतिहास सांगत बसू नकोस. "माझ्या शहराच्या मधोमध नदी वाहते आणि तिच्यात मगरी आहेत" एवढं म्हण. विश्वामित्रीनं आपल्याला पुरात कितीही छळलं असलं तरी या कामी ती येते. मगरीबद्दल विचारायला जो जवळ येईल त्याला पुढच्या वाक्यात तुझी ४० गावं सांग.

डेटा नेताना नावं, मोबाइल नंबर, आधार सगळं काढून फक्त क्रमांक ठेव. तिकडं २०१८ पासून खासगी माहितीचा कायदा कडक आहे, आणि तो नसता तरी तुझ्या सर्व्हेतल्या लोकांनी तुला विश्वासानं सांगितलेलं आहे. शिक्षकांना पहिल्या दोन दिवसांतच गाठ. शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच प्रश्न सुचतात आणि रांग लागते. जेवणाच्या सुट्टीत "मला वीस मिनिटं द्याल का?" असं विचारायचं, आणि त्या वीस मिनिटांत लॅपटॉप उघडून एकच टेबल दाखवायचं. आणि भारतीय मुलांच्या घोळक्यात रोज जेवू नकोस. मी तेच केलं, मराठी बोलायला मिळालं म्हणून खूश होते. पण पोलंडची एक मुलगी अगदी माझ्यासारख्याच डेटावर काम करत होती, आणि ते मला शेवटच्या दिवशी बस थांब्यावर कळलं.

आता गाईडकडे परत. त्यांना एक गोष्ट देऊ कर: परत आल्यावर डिपार्टमेंटमध्ये दोन दुपारी वर्कशॉप घेईन, तुमच्याच डेटावर. मी पाठवलेल्या प्रत्येकाला हीच अट घातली, आणि बडोद्याला ती नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली तरुण आंबेडकरांना कोलंबियाला शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा करारात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची अट होती. ते आले, १९१७ साली, आणि याच शहरात त्यांना राहायला कुणी खोली दिली नाही. कमाटीबागेपाशी त्याची आठवण सांगणारी संकल्पभूमी आहे, कधी त्या बाजूला गेलीस तर थांब तिथं. अट घालणाऱ्यांनी आपली बाजूही सांभाळायला हवी. म्हणून मी जेव्हा जेव्हा अट घातली, तेव्हा विभागप्रमुखांकडून दोन दुपारींची खोली आणि प्रोजेक्टरही लेखी घेत असे. तूही घे, नाहीतर आल्यावर परीक्षेच्या ड्युट्या लागतील आणि वर्कशॉप राहील.

आज रात्री दोन कामं कर. निमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघ. आणि अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहून मला पाठव. वाक्य तीन ओळींचं झालं तर परत पाठवीन.